पैसे भरण्याच्या स्क्रीनवरील भाषा : बारामती व इंदापूर येथील बुकिंग-व्यवहाराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

देण्याघेण्याचा व्यवहार केवळ रक्कम एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याने पुरा होत नाही. देणाऱ्याने 'दिले' आणि घेणाऱ्याने 'पावले' असे म्हणावे लागते. हे दोन शब्द म्हणजे व्यवहाराची दोन टोके होत. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हे दोन्ही शब्द माणसाच्या तोंडी न राहता स्क्रीनवर गेले आहेत. आणि स्क्रीन ते एकाच रीतीने उच्चारीत नाही. एका ठिकाणी 'पे नाऊ', दुसऱ्या ठिकाणी 'प्रोसीड', तिसऱ्या ठिकाणी 'कन्फर्म', तर चौथ्या ठिकाणी नुसतेच 'पुढे' अशी अक्षरे बटणावर दिसतात. कृती एकच आणि नावे अनेक, असा हा प्रकार आहे. याच्या उलट प्रकारही आढळतो : नाव एकच, परंतु त्याने घडणाऱ्या कृती निरनिराळ्या.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या लगतच्या तालुक्यांत हा प्रश्न विशेष जाणवण्यासारखा आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले. भिगवण व कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी लोक येतात व स्थानिक मच्छीमारांच्या होड्या ठरवितात. बारामतीच्या बाजूस कृषी पर्यटनाने मूळ धरले असून, राज्य शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. होडी, शेतावरील मुक्कामाची खोली, मंगल कार्यालयाची तारीख, खासगी बसमधील आसन या सर्वांत एक गोष्ट समान आहे : माल समोर नसताना पैसे आगाऊ द्यावयाचे असतात. दुकानात साखरेची पिशवी हातात आली म्हणजे शब्दांची उणीव भरून निघते. बुकिंगमध्ये ग्राहकाच्या हाती शब्दांखेरीज काहीच येत नाही. म्हणून येथे शब्दांची विसंगती ही केवळ शैलीची उणीव न राहता नुकसानीचे कारण ठरते.

२. विसंगती कोठून येते

मोठ्या कंपनीची सर्व स्क्रीन एका धोरणाने घडविलेली असतात. लहान व्यावसायिकाची तशी स्थिती नसते. त्याचे पहिले पान एखाद्या परिचिताने तयार करून दिलेले किंवा भाड्याने घेतलेले असते. पैसे भरण्याचे पान पेमेंट ॲग्रिगेटरचे, म्हणजे अनेक व्यावसायिकांच्या वतीने रक्कम गोळा करून ती त्यांना पोचविणाऱ्या मध्यस्थ संस्थेचे असते. अशा संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियमावली काढली. कार्डाने पैसे द्यावयाचे असल्यास तिसरे पान ग्राहकाच्या बँकेचे असते व तेथे ओटीपी मागितला जातो. यूपीआयने द्यावयाचे असल्यास ग्राहकाच्या मोबाइलमधील निराळे ॲप उघडते आणि त्यात पिन टाकावा लागतो. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय यंत्रणा मुळातच अशी आहे की, देणाऱ्याचे ॲप एका संस्थेचे व घेणाऱ्याचे दुसऱ्या संस्थेचे असू शकते. तिचे सामर्थ्य यातच आहे. परंतु त्यामुळे स्क्रीनच्या भाषेवर कोणा एकाचा ताबा राहत नाही.

अशा रीतीने एका व्यवहाराचे एकच वाक्य तीन-चार लेखकांनी तुकड्यातुकड्यांनी लिहिलेले असते. पहिला मराठीत लिहितो, दुसरा इंग्रजीत, तिसरा इंग्रजीतून शब्दशः उतरविलेल्या मराठीत. पहिल्या पानावर 'बुकिंग रक्कम', दुसऱ्यावर 'ऑर्डर टोटल', तिसऱ्यावर केवळ आकडा. या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर येऊन पडते.

ज्या लहान व्यावसायिकाकडे असे पानही नसते तो केवळ क्यूआर कोड पाठवितो. लोकव्यवहारात त्यालाच 'स्कॅनर' म्हणतात. हा कोड दोन प्रकारचा असतो. छापून भिंतीवर लावलेल्या स्थिर कोडात सामान्यतः घेणाऱ्याची ओळख तेवढी असते. रक्कम ग्राहकाने स्वतः घालावयाची असते. प्रत्येक व्यवहारासाठी नव्याने तयार होणाऱ्या कोडात रक्कम व त्या बुकिंगचा क्रमांकही असतो. दोन्ही चौकटी दिसावयास सारख्याच. परंतु पहिल्या प्रकारात आलेली रक्कम कोणत्या बुकिंगची, हे यंत्र सांगू शकत नाही. ते माणसाने ताडून पाहावे लागते.

३. बटणावरील क्रियापद

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून ती उच्चारणे हीच कृती असते. 'मी वचन देतो' हे असे वाक्य होय. स्क्रीनवरील बटण दाबणे हे याच जातीचे आहे. ते दाबले म्हणजे बँकेस आज्ञा गेली. म्हणून बटणावरील शब्द हा शोभेचा मथळा नव्हे. तो ग्राहकाच्या वतीने लिहून ठेवलेला उच्चार आहे. आपण काय उच्चारीत आहो हे त्याला आधी कळले पाहिजे.

येथे मराठीची एक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजी 'पे' या रूपात आज्ञार्थ व क्रियेचे नुसते नाव यांत भेद दिसत नाही. मराठीत निवड करावीच लागते. 'पैसे द्या' म्हटले तर यंत्र ग्राहकास आज्ञा करते. 'पैसे देतो' म्हटले तर ग्राहक स्वतः बोलतो, पण मग 'देते' म्हणणाऱ्या स्त्रीचे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. 'पैसे देणे' हे रूप लिंगभेद टाळते, परंतु ते कृती आहे की सदराचे शीर्षक, असा संशय ठेवते. तिन्ही रूपे एकाच व्यवहारात मिसळली म्हणजे बोलणारा कोण, हेच अस्पष्ट होते.

त्याहून मोठी अडचण 'भरणे' या धातूची आहे. मराठीत अर्जही भरतात आणि पैसेही भरतात. 'भरा' एवढेच लिहिलेले बटण नाव-पत्ता भरण्यासाठी आहे की रक्कम भरण्यासाठी, हे त्या शब्दावरून ठरत नाही. 'रद्द करा' याचेही तसेच. पैसे देण्याच्या चौकटीत ते दाबल्यास केवळ पैसे देण्याचा हा प्रयत्न थांबतो, की राखून ठेवलेली तारीखच सुटते? सकर्मक क्रियापदाचे कर्म गाळले की वाक्य लहान होते, पण जबाबदारी संदिग्ध होते. '₹५०० इसार द्या' यात कर्म आहे, रक्कम आहे आणि रकमेचे स्वरूपही आहे. आगाऊ रकमेसाठी 'इसार' हा शब्द मराठी व्यवहारात पूर्वापार आहे. 'टोकन', 'ॲडव्हान्स' व 'बुकिंग अमाउंट' हे तीन शब्द एकाच पानावर आळीपाळीने वापरण्याची गरज नाही.

४. 'झाले' म्हणजे काय झाले

बटण दाबल्यावर येणारे उत्तर हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. त्यात तीन स्वतंत्र घटना असतात : ग्राहकाच्या खात्यातून रक्कम जाणे, व्यावसायिकाकडे ती पोचणे, आणि बुकिंग पक्के होणे. पहिली घडून दुसरी अडू शकते. दोन्ही घडून तिसरी राहू शकते. स्क्रीन मात्र या तिन्हींसाठी बहुधा 'सक्सेस' अथवा 'यशस्वी' हा एकच शब्द योजते, आणि अडल्यास 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग'.

उदाहरणार्थ, कोणी कुटुंब पहाटे भिगवणला पोचले असून होडीचे पैसे रस्त्यातच देत आहे, असे समजावे. बँकेचा संदेश येतो. लोकभाषेत 'पैसे कट झाले'. बुकिंगच्या पानावर मात्र चक्र फिरत राहते. होडीवाल्याच्या मोबाइलवर काहीच आलेले नाही. ग्राहक म्हणतो 'दिले', होडीवाला म्हणतो 'आले नाहीत', आणि दोघेही खरे बोलत असतात. उजाडल्यावर पक्षी दूर जातील या घाईने ग्राहक दुसऱ्यांदा पैसे देतो. येथे फसवणूक कोणीच केलेली नाही. तरीही एकाचे पैसे अडकले व दुसऱ्याचा विश्वास गेला.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा प्रसंगांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने व्यापाऱ्यास पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसास ₹१०० भरपाई आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीस रक्कम पाठविताना अशी अडचण आल्यास मुदत एका दिवसाची आहे. म्हणजे होडीवाल्याचे खाते व्यापाऱ्याचे की व्यक्तीचे, यावर ग्राहकाचा हक्क अवलंबून राहतो. परंतु 'पेंडिंग' या शब्दात त्याची खूण नसते.

यातच नावाचा प्रश्न मिसळतो. ३० जून २०२५ पर्यंत सर्व यूपीआय ॲपांनी व्यक्तींमधील व लहान व्यापाऱ्यांशी होणाऱ्या व्यवहारांत, घेणाऱ्याचे बँकेच्या नोंदीतील नाव दाखवावे, असा निर्णय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने केला. हा निर्णय फसवणूक रोखण्यासाठी इष्टच आहे. परंतु पाटीवर शेताचे नाव आणि स्क्रीनवर शेतमालकाच्या पत्नीचे नाव, असे झाले की सावध ग्राहक नेमका तेथेच थबकतो.

५. हुंडीचा धडा

भाषेने हा प्रश्न पूर्वी सोडविलेला आहे. जुन्या पेढ्यांच्या हुंडीत रक्कम आकड्यात व अक्षरात लिहीत. शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून त्या निम्मीची दुप्पट पुन्हा सांगत. कोणी ठेवली, कोणाकडून, कोणास द्यावयाची, दर्शनी की मुदती, हे ठराविक क्रमाने येई. ही पुनरुक्ती अडाणीपणाची नव्हती. लिहिणारा व पैसे देणारा एकमेकांपासून दूर असत, आणि त्या अंतरावर भरवशाचे साधन म्हणजे ठरलेले शब्द व ठरलेला क्रम हेच होते.

आजच्या बुकिंगलाही हाच नियम लागू पडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणारे तेरा प्रकार प्रतिबंधित केले. त्यांत पहिल्याने न सांगितलेला आकार शेवटी उघड करणे व न मागितलेली वस्तू यादीत घालणे हे प्रकार आहेत. परंतु कायदा लबाडी रोखतो, गोंधळ नव्हे. त्यासाठी लेखनाची शिस्त हवी.

मधली पाने लहान व्यावसायिकाच्या ताब्यात नाहीत. पहिले पान व शेवटचा संदेश मात्र आहेत. पहिल्या पानावर, कोणत्या गोष्टीसाठी, एकूण किती, आता इसार किती, बाकी किती व केव्हा, रद्द केल्यास परत किती, एवढे एकाच क्रमाने यावे. आणि पुढील स्क्रीनवर कोणाचे नाव दिसेल हे आधीच सांगावे. शेवटच्या संदेशात तीन वाक्ये वेगळी असावीत : 'तुमच्या खात्यातून ₹५०० गेले', 'आमच्याकडे ₹५०० पोचले', 'तुमचे बुकिंग पक्के झाले'. यांपैकी पहिले वाक्य बँक बोलते. व्यावसायिकाने त्याची वाट न पाहता उरलेली दोन आपल्या तोंडून बोलावीत. रक्कम पोचली नसेल तर 'अजून पोचली नाही. पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक कळवा' असे स्पष्ट लिहावे.

यासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. इसार, बाकी, पोच, पावती, पक्के हे शब्द बारामतीच्या बाजारात व इंदापूरच्या पेठेत आजही बोलले जातात. ते स्क्रीनवर, दर वेळी त्याच अर्थाने आणि त्याच जागी, आले म्हणजे 'दिले' व 'पावले' यांमधील अंतर पुन्हा माणसाच्या आवाक्यात येईल.