चार डिस्क, प्रत एकच

लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण, दहा-पंधरा वर्षांचे फोटो, आजोबांच्या आवाजातली एखादी ध्वनिफीत, शिवाय हौसेनं जमवलेली गाणी, नाटकं, सिनेमे. हा ऐवज लॅपटॉपात मावेनासा झाला की घरात ‘नॅस’ घ्यायची चर्चा सुरू होते. नॅस म्हणजे वायफायच्या राउटरला जोडायची, दोन-चार हार्ड डिस्क बसणारी पेटी. तिच्यातलं टीव्हीवर, फोनवर, कुठंही पाहता येतं. मग दोन डिस्कची घ्यावी की चारची, आणि ‘रेड’ कोणती लावावी, यावर खल होतो. खरं तर हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या ऐवजाच्या प्रती किती असणार आणि त्या किती घरांत असणार, हे आधी ठरायला हवं. घरगुती संग्रहासाठी पेटीतले कप्पे वाढवण्यापेक्षा तेच पैसे पहिलीशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या प्रतीवर घालावेत, असं माझं मत आहे.

रेडची कल्पना नावारूपाला आली ती १९८८ साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या निबंधातून. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या. डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यताही जास्त, म्हणून थोडी जागा जादा माहितीसाठी राखून ठेवायची. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या तर रेड ५ मध्ये बारा टेराबाइट वापरायला मिळतात आणि एक डिस्क गेली तरी निभावतं. रेड ६ मध्ये आठ मिळतात आणि दोन गेल्या तरी चालतं. रेड १ म्हणजे दोन डिस्कवर तंतोतंत तेच. रेड ० मध्ये सगळेच्या सगळे सोळा टेराबाइट मिळतात, पण एक डिस्क गेली की सारंच जातं, तेव्हा घरच्या ऐवजासाठी त्याचं नावही काढू नये. (चार टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ३.६ दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.)

आता यातून संरक्षण कशापासून मिळतं? डिस्क बंद पडण्यापासून, बस. हा धोका खोटा नाही. हजारो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपले आकडे जाहीर करते, त्यात वर्षाला साधारण दीड टक्का डिस्क बंद पडताना दिसतात. हा दर धरला तर चार डिस्क पाच वर्षं चालवल्यावर निदान एक जाण्याची शक्यता चारात एक इतकी निघते. पण डेटा उडण्याची बाकीची कारणं रेडला कळतही नाहीत. कुणी चुकून फोल्डर पुसलं, तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या आणि २०२२ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर खंडणीखोर प्रोग्रामांनी हल्ले केले, तेव्हा आत किती डिस्क आहेत यानं काही फरक पडला नाही. विजेचा झटका आला तर पॉवर सप्लायबरोबर सगळ्याच डिस्क जाऊ शकतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या ज्या घरात त्या दिवशी कमरेएवढं पाणी होतं, तिथल्या पेटीत एक डिस्क असती काय नि चार असत्या काय! २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळं जळाली. ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती, ती कायमची गेली.

बरं, डिस्क बंद पडण्यापुरता तरी भरवसा किती? मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवी भरावी लागते. बारा टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगानं अखंड भरली तरी सतरा तास लागतात, आणि मध्येच कुणी सिनेमा लावला की आणखी जास्त. नेमक्या याच काळात जुन्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, तितकेच तास चाललेल्या असतात. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (तेच, १९८८च्या निबंधातले) यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. डिस्कचं बंद पडणं एकमेकांपासून स्वतंत्र नसतं, एक गेल्यावर लवकरच दुसरी जाण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असतं, असं त्यांना आढळलं. त्यात माणसाच्या चुकीची भर. पेटीवर लाल दिवा लुकलुकतोय, बीप वाजतोय, आणि घाईघाईत तिसऱ्याऐवजी दुसरा ट्रे ओढला जातो. रेड ५ मध्ये तेवढ्यानंही ऐवज हातचा जाऊ शकतो. म्हणून पेटी घेतल्या दिवशीच प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून त्या-त्या ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवावा. डिस्क घेताना ती ‘एसएमआर’ जातीची नाही ना, हेही विचारावं. या डिस्कमध्ये लेखनाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण आलं की त्या अडखळतात. वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठीच्या आपल्या काही डिस्क या जातीच्या असल्याचं २०२०मध्ये मान्य केलं, ते गवगवा झाल्यावर.

रेडऐवजी दुसरी प्रत, या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप माणसाच्या आळसाचा आहे. रेड आपोआप चालतं. बॅकअप मात्र ‘रविवारी घेऊ’ म्हणून सहा महिने राहून जातो. अगदी खरं आहे. म्हणून दुसरी प्रत माणसाच्या आठवणीवर सोडायचीच नाही. दोन कप्प्यांची पेटी घ्यावी, पण दोन डिस्कचा आरसा न करता त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि रोज रात्री पहिलीवरचं दुसरीवर आपोआप उतरेल, पुसलेल्या फायली महिनाभर राहतील, असं लावून द्यावं. पहिली डिस्क गेली तर कालपर्यंतचं सगळं हातात असतं. डिस्क गेली तरी काम थांबू नये ही बँकेची, इस्पितळाची गरज. घरात एक दिवस सिनेमा नाही लागला तर काही बिघडत नाही. दुसरा आक्षेप असा, की स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची त्या-त्या वेळची स्थिती पेटीतच जपून ठेवण्याची सोय असताना पुसल्या जाण्याची भीती कशाला? ती सोय चांगलीच, जरूर वापरावी. पण स्नॅपशॉट त्याच पेटीत राहतात, पाण्यातही तिच्याबरोबरच जातात. पेटीतल्या दुसऱ्या डिस्कचंही तेच, म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवी.

‘आमचा संग्रह वीस टेराबाइटचा आहे, सगळ्याच्या तीन प्रती कुठून आणायच्या?’ हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पुन्हा मिळणारं आणि पुन्हा न मिळणारं हे वेगळं काढून पाहावं. मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास साधारण तेरा गिगाबाइट होतो. अशा तासाभराच्या चाळीस कॅसेट असल्या तरी ५२० गिगाबाइट, म्हणजे खिशात मावणाऱ्या डिस्कवर जागा उरते. जागा खातात ते सिनेमे, आणि त्यांच्या डीव्हीडी, ब्लू-रे कपाटात असतातच. त्यांच्यासाठी स्नॅपरेडसारखी मोफत व्यवस्था मला रेड ५ पेक्षा बरी वाटते. एक मोठी डिस्क जादा माहितीसाठी, बाकीच्या लहान-मोठ्या कशाही, आणि प्रत्येक डिस्क सुटी काढूनही वाचता येते. दोन डिस्क एकदम गेल्या तर त्या दोघींवरचंच जातं, बाकीचं राहतं. इथं मात्र चार कप्पे लागतात आणि ते घ्यावेतच.

क्लाउडवर टाकायचं तर आधी गणित करावं. ४० एमबीपीएसच्या अपलोडनं चार टेराबाइट चढवायला रात्रंदिवस नऊ दिवस लागतात, आणि भाडं दरमहा भरत राहावं लागतं. फोटो आणि आवाज तिथं ठेवावेत. चित्रणासाठी एक यूएसबी डिस्क बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवली तर तेवढंच काम कमी खर्चात होतं. पाडव्याला आणि दिवाळीला जाणं-येणं होतंच, तेव्हा ती आणून ताजी करावी आणि त्यातल्या चार-सहा फायली खरोखर उघडून, थोड्या चालवून पाहाव्यात. परक्याच्या हाती पडू नये म्हणून डिस्कला पासवर्ड लावणार असाल, तर तो कागदावर लिहून त्या घरात नव्हे, आपल्या घरात आणि आणखी एका जाणत्या माणसाकडे ठेवावा.