इस्रायल-अरब शांतता : पारावरचे समज आणि खरी हकीकत

बारामती-इंदापूर पट्ट्यात इस्रायलचं नाव ठिबकमुळे घरोघरी पोचलं, तर अरब देशांचं आखातात जाणाऱ्या केळी-डाळिंबांमुळे. पण या दोघांतल्या वैराबद्दल पारावर जे ठामपणे बोललं जातं, त्यातलं बरंच चुकीचं असतं.

‘हजारो वर्षांचं भांडण आहे, ते मिटायचं नाही,’ हा सर्वांत घट्ट बसलेला समज. हे भांडण मुख्यतः विसाव्या शतकातलं आहे: जमीन कोणाची, राज्य कोणाचं, घरदार सुटलेल्यांनी जायचं कुठे. आणि ते मिटवता येतं, याचा पुरावाही आहे. इजिप्त आणि इस्रायल १९४८, १९५६, १९६७ आणि १९७३ मध्ये एकमेकांशी लढले. १९७९ मध्ये त्यांनी करार केला आणि १९८२ मध्ये इजिप्तच्या सिनाईतून इस्रायली सैन्य निघालं. त्यानंतर या दोन देशांत युद्ध झालेलं नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझातल्या युद्धानेही तो करार मोडला नाही.

‘एका बाजूलाच शांतता नको आहे,’ असंही ऐकू येतं. करार करणारे इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात १९८१ मध्ये आपल्याच देशातल्या कट्टरपंथीयांच्या गोळ्यांना बळी पडले. पॅलेस्टिनींशी १९९३ चा ओस्लो करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना १९९५ मध्ये एका ज्यू अतिरेक्याने मारलं. शांततेचे शत्रू दोन्ही घरांत होते आणि आहेत.

‘हे सगळं धर्माचं आहे,’ हा समज मात्र कालव्याच्या टेलला शेती करणाऱ्याने तरी ठेवू नये. १९९४ च्या जॉर्डन-इस्रायल करारात पाण्याला स्वतंत्र जोडपत्र आहे. यार्मूक नदीचं काही पाणी हिवाळ्यात इस्रायलने जादा घ्यायचं आणि उन्हाळ्यात तेवढं जॉर्डनला परत द्यायचं, अशी त्यात तजवीज आहे. करारातून जॉर्डनला वर्षाला सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी मिळू लागलं. म्हणजे जेमतेम पावणेदोन टीएमसी. आपलं उजनी ११७ टीएमसीचं! एवढ्याशा पाण्यासाठी दोन देशांनी कलमं लिहिली, कारण जॉर्डन हा जगातल्या सर्वांत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक आहे. कागदावरचं आवर्तन आणि चारीत आलेलं पाणी यांतलं अंतर नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या गावांना सांगायला नको. तिकडेही १९९९ च्या दुष्काळात इस्रायलकडून जॉर्डनचं पाणी कमी करण्याची भाषा झाली आणि तणाव वाढला. २०२१ मध्ये इस्रायलने जॉर्डनला आणखी ५ कोटी घनमीटर पाणी विकण्याचं ठरलं. त्याच वर्षी जॉर्डनने सौर वीज द्यायची आणि इस्रायलने समुद्राचं गोडं केलेलं पाणी द्यायचं, असाही बेत आखला गेला. गाझा पेटल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जॉर्डनने त्यावर सही करायला नकार दिला.

‘त्यांच्या भांडणाचं आपल्याला काय?’ याचं उत्तर द्राक्षबागायतदारांना मिळालेलं आहे. २०२३ च्या अखेरीस, गाझाच्या युद्धाचं कारण देत, येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारे कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं आणि नाशवंत मालाची जोखीमही वाढली. मात्र ‘तिकडे युद्ध म्हणजे सगळी निर्यात बंद’ हेही खरं नाही. दुबईकडे जाणारी केळी तांबड्या समुद्रातून जातच नाहीत. त्यांची वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीची.

आणखी दोन छोटे समज. बारामतीचं भाजीपाला गुणवत्ता केंद्र अनेकांना इस्रायलचं वाटतं. ते नेदरलँड्सच्या सहकार्याने उभं राहिलं आहे. इराणलाही अनेकजण अरब देश धरतात. तो पर्शियन आहे, आणि कित्येक अरब सरकारांना इस्रायलइतकीच त्याचीही धास्ती वाटते.

राहिला २०२० चा अब्राहम करार. ‘अरबांनी इस्रायलला स्वीकारलं, पॅलेस्टाइनचा विषय संपला,’ असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण तेव्हा इस्रायलशी हात मिळवणाऱ्या संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांची इस्रायलला सीमाच लागत नाही. ज्यांच्या जमिनीचा वाद आहे, ते पॅलेस्टिनी त्या टेबलावर नव्हते. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजदादीनुसार, पन्नास हजारांहून अधिक जीव गेले. ज्यांच्याशी वाद आहे त्यांना बाहेर ठेवून केलेली शांतता किती कच्ची असते, हे त्यातून दिसलं.

‘अरबांनी तोडगाच कधी दिला नाही,’ हा शेवटचा समज. २००२ मध्ये बैरूतच्या परिषदेत अरब लीगने प्रस्ताव मंजूर केला: इस्रायलने १९६७ मध्ये व्यापलेला प्रदेश सोडावा, पॅलेस्टिनी राज्य व्हावं, निर्वासितांच्या प्रश्नाचा न्याय्य निवाडा व्हावा, बदल्यात सर्व अरब देश इस्रायलशी सामान्य संबंध जोडतील. त्यानंतर लीगने या प्रस्तावाचा अनेकदा पुनरुच्चार केला आहे.