गळ्याऐवजी गिटार : अर्ल हुकर

एखाद्या गाण्यावर लक्षावधी लोकांनी प्रेम करावे, त्यातील वाद्याच्या सुरांनी ते भारून जावेत आणि तरीही ते वाद्य वाजविणाऱ्याचे नाव शंभरांतील एकालाही ठाऊक नसावे, असे आपल्या चित्रपटसंगीतात नेहमीच घडत आले आहे. सातासमुद्रांपलीकडे शिकागो शहरीही ते घडले. ज्याच्या बाबतीत घडले, त्या अर्ल हुकर नावाच्या निग्रोवंशीय गिटारवादकाची ओळख रसिक वाचकांना करून द्यावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्य हे कापसाच्या मळ्यांचे आणि ‘ब्लूज’ या गीतप्रकाराचे माहेर. तेथे सुमारे १९३० साली हुकरचा जन्म झाला आणि तो लहान असतानाच त्याचे आईवडील शिकागोला आले. दक्षिणेतील दारिद्र्य आणि अपमान यांना कंटाळून त्या काळी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येत होती, त्यांतलेच हे एक. मुलाला दोन व्यथा होत्या. बोलताना जीभ अडखळे, आणि लहान वयातच क्षयाने त्याला गाठले होते. पहिलीमुळे तो गाण्यापासून संकोचाने दूरच राहिला. दुसरीने त्याला जन्मभर सोडले नाही.

रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गिटार वाजवायची आणि जमतील ती नाणी खिशात टाकायची, ही त्याची शाळा. पुढे नावारूपाला आलेला बो डिडली हा या शाळेतील त्याचा सोबती. ज्युनियर वेल्स या दुसऱ्या मित्राबरोबर तो ट्रॅममध्ये चढे आणि एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जात, उतारूंना वाजवून दाखवीत, ही पोरे सारे शहर पालथे घालीत. पण त्याचा खरा गुरू म्हणजे रॉबर्ट नाइटहॉक. स्लाइडची विद्या त्याला मिळाली ती या नाइटहॉककडून.

ही स्लाइड म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावणे कठीण नाही. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा तारांवरून घसरत जातो आणि एका स्वरातून दुसरा स्वर मिंडेने उमलतो, हे आपण ऐकलेले आहे. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तर गिटारलाच या रीतीने रागसंगीताच्या मैफलीत बसविले. ब्लूजवाले बोटात पोलादाची किंवा काचेची नळी घालतात. तार पडद्यावर दाबायची नाही, नळीचा नुसता स्पर्श करायचा. नळी केसभर मागेपुढे झाली की स्वर बेसूर होतो. म्हणून बहुतेक वादक सहाही तारा आधीच एखाद्या स्वरसंघात जुळवून ठेवतात. मग नळी आडवी टेकविली की सगळा मेळ एकदम घुमतो आणि पुष्कळसे काम आपोआप होते.

हुकरने ही सोय बहुधा नाकारली. तारांची जुळणी नेहमीचीच ठेवावी, एक आखूड पोलादी नळी करंगळीत घालावी आणि उरलेली तीन बोटे मोकळी राखावीत, ही त्याची पद्धत. क्षणात बोटांनी तार दाबलेली, क्षणात नळीने कुरवाळलेली, आणि दोहोंमधला सांधा कानाला कळू नये! त्याच्या समकालीनांपैकी अनेकांचा भर कर्कश, भरड नादावर असे. हुकरचा स्वर मात्र स्वच्छ आणि मोजका. मला तर त्याचे वादन ऐकताना वाद्यापेक्षा गळ्याचीच आठवण अधिक होते.

१९५९ पासून मेल लंडन या निर्मात्याच्या छोट्या कंपन्यांसाठी त्याने अनेक ध्वनिमुद्रिका केल्या. ज्युनियर वेल्सच्या १९६० मधील ‘मेसिन विथ द किड’ या गाजलेल्या गाण्यातील गिटारही त्याचीच. १९६१ साली अशाच एका बैठकीत त्याने एक संथ, शब्दरहित धून वाजविली. मुख्य काम सुरू होण्यापूर्वी हात मोकळे करण्यासाठी ती वाजविली आणि यंत्र चालू आहे हे त्याला ठाऊकही नव्हते, असे सांगतात. ‘ब्लू गिटार’ या नावाने ती निघाली आणि चेस कंपनीच्या मालकाच्या कानी पडली. त्याने ती मागून घेतली, विली डिक्सनकडून तिला शब्द लिहवून घेतले आणि १९६२ मध्ये शिकागोचा नामांकित गायक मडी वॉटर्स याचा आवाज तिच्यावर चढविला. ‘यू शुक मी’ हे गाणे ते हेच. मडी वॉटर्स स्वतः स्लाइडचा नाणावलेला वादक, तेव्हा ही गिटारही त्याचीच, असा समज ऐकणाऱ्याने करून घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? १९६९ मध्ये लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाने आपल्या पहिल्याच तबकडीत हे गाणे घेतले आणि ते जगभर पसरले. हुकरचे नाव मात्र त्याच्या मागोमाग गेले नाही.

जाणकारांत त्याची कीर्ती होतीच. बी. बी. किंगसारखा श्रेष्ठ वादक त्याला आधुनिक गिटारवादकांत सर्वोत्तम मानीत असे. पण सामान्य श्रोता गायकाला ओळखतो, आणि हुकरच्या पथकात गाणारे बहुधा दुसरेच असत. त्यातून तो एका गावी स्थिर राहणारा नव्हता. मोटारीत वाद्ये भरून राज्याराज्यांतून भटकावे, मध्येच छातीने दगा दिला की रुग्णालयात पडावे, बरे वाटले की पुन्हा रस्ता धरावा, असे त्याचे आयुष्य होते.

१९६७ च्या उन्हाळ्यात दुखण्याने उचल खाल्ली आणि तो जवळजवळ वर्षभर रुग्णालयात होता. तेथून तो डॉक्टरांचा सल्ला डावलून बाहेर पडला. त्याने नवे पथक उभारले. बडी गायच्या शिफारशीवरून आर्हूली कंपनीच्या ख्रिस स्ट्राखविट्झने नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याचे वादन मुद्रित केले. या संग्रहाचे नाव ‘टू बग्ज अँड अ रोच’, म्हणजे दोन किडे आणि एक झुरळ. यांतल्या किड्यांत क्षयाच्या जंतूंची थट्टा आहे, असे रसिक सांगतात. पायाने दाबण्याच्या ‘वा-वा’ या उपकरणाने गिटारच्या स्वराला माणसाच्या बोलण्यासारखे वळण मिळते. त्याचा एवढा संयमी उपयोग मी दुसऱ्या कोणाकडून क्वचितच ऐकला आहे. आणि याच संग्रहात, आपल्या गळ्याची भीड बाजूस ठेवून, हुकर ‘ॲना ली’ हे गीत स्वतः गातो. हे गीत नाइटहॉकचे. गुरूला जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. आवाज साधा आहे, किंचित थकलेला आहे. ओळ संपते तेथे नळी पुढे सरसावते आणि जे शब्दांत मावले नाही ते उचलून घेते. वाचकांनी हुकरचे एकच काही ऐकायचे ठरविले, तर हे ऐकावे.

१९६९ हे वर्ष त्याने जणू घाईने जगून घेतले. एकामागून एक ध्वनिमुद्रिका झाल्या. चुलतभाऊ जॉन ली हुकर याच्याबरोबरही एक झाली. शरद ऋतूत ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’बरोबर त्याने युरोपचा दौरा केला आणि परतला तो खंगलेला. २१ एप्रिल १९७० रोजी शिकागोच्या नगरपालिकेच्या क्षयरोग रुग्णालयात त्याचा अंत झाला. वय अवघे चाळीस. क्षयावर गुणकारी औषधे तेव्हा उपलब्ध होती, हे लक्षात आले की मन विषण्ण होते.

त्यानंतर त्याला जिवंत ठेवले ते चाहत्यांनी. जुन्या, छोट्या तबकड्या धुंडाळून कोणत्या गाण्यात मागची गिटार हुकरची आहे, हे कानाने ओळखणारे रसिक युरोपात आणि अमेरिकेत निर्माण झाले. सेबास्तियाँ दाँशाँ या फ्रेंच लेखकाने त्याचे सविस्तर चरित्र लिहिले, ते २००१ साली मिसिसिपीच्या विद्यापीठ प्रकाशनाने काढले. ‘ब्लूज हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचे नाव दाखल झाले ते २०१३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

शिकागोजवळच्या ॲल्सिप गावी रेस्टव्हेल नावाची दफनभूमी आहे. हुकर तेथे चिरनिद्रा घेत आहे. १९८३ मध्ये मडी वॉटर्सचे निधन झाले, तेव्हा त्यालाही तेथेच आणण्यात आले.