पूरक अध्यापन

पूरक अध्यापन : शाळेतील नियमित अध्यापनाला जोड म्हणून, शाळेच्या वेळेबाहेर किंवा शाळेतच वेगळ्या गटात, मागे पडलेल्या मुलांना दिले जाणारे अध्यापन. शुल्क आकारणाऱ्या खाजगी शिकवणीहून त्याचा हेतू निराळा आहे. शिकवणीवर्गांचा रोख सामान्यतः परीक्षेतील गुणांवर असतो व त्यांचा लाभ शुल्क देऊ शकणाऱ्या कुटुंबांपुरताच राहतो. पूरक अध्यापन मुख्यतः अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी असून त्याचा खर्च स्वयंसेवी संस्था, देणगीदार, स्थानिक संस्था वा शासन उचलते.

दाट नागरी वस्तीतील मुलाच्या अडचणी परस्परांत गुंतलेल्या असतात. एकाच खोलीच्या घरात अभ्यासाला जागा नसते. आईवडील दिवसभर मोलमजुरीवर असतात. पुष्कळदा ते स्वतः फारसे शिकलेले नसतात. धाकट्या भावंडांचा सांभाळ थोरल्या मुलीकडे येतो. पहिली-दुसरीत वाचन पक्के झाले नाही, तर पुढील इयत्तांची पुस्तके अशा मुलाला समजत नाहीत. अभ्यासक्रम पुढे सरकत राहतो. मूल मात्र तेथेच राहते.

अशा प्रयत्नांना जुनी परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली, ती प्रौढांसाठी होती. तथापि दिवसा राबणाऱ्यांच्या सोयीने शिक्षणाची वेळ ठरविण्याचे तत्त्व तीत दिसते. लंडनच्या पूर्व भागात १८८४ मध्ये स्थापन झालेल्या टॉयन्बी हॉलपासून सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत राहून काम करण्याची चळवळ सुरू झाली. मुंबईच्या नागपाडा वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी चालविलेले नेबरहुड हाउस त्याच धर्तीचे होते; या कामातूनच पुढे १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था उभी राहिली. इझ्राएलमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या ‘पेराख’ योजनेत विद्यापीठीय विद्यार्थी गरजू मुलांना शिकवतात व त्याबद्दल त्यांना शिष्यवृत्ती मिळते.

मुंबईत हे कार्य विसाव्या शतकाच्या अखेरीस विस्तारले. १९८८ मध्ये डोअर स्टेप स्कूल या संस्थेने वस्तीच्या दाराशी शाळा नेण्याचा उपक्रम आरंभिला. १९९१ मध्ये शाहीन मिस्त्री यांनी स्थापन केलेल्या आकांक्षा संस्थेने महाविद्यालयीन स्वयंसेवकांच्या साहाय्याने झोपडपट्टीतील मुलांसाठी शाळेनंतरची केंद्रे चालविली. १९९५ मध्ये माधव चव्हाण व फरिदा लांबे यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ योजनेत वस्तीतीलच एक तरुणी नगरपालिकेच्या शाळेत येई आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या सु. १५ ते २० मुलांना वर्गाबाहेर घेऊन रोज सु. दोन तास वाचन व अंकगणित शिकवी. तिला अल्पकालीन प्रशिक्षण व माफक मानधन मिळे.

या योजनेचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन यांनी मुंबई व बडोदे येथे केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्रात गुणांचा विस्तार ‘प्रमाण विचलन’ या एककाने मोजतात. त्या मापाने योजनेतील शाळांच्या मुलांचे सरासरी गुण पहिल्या वर्षी ०·१४ व दुसऱ्या वर्षी ०·२८ एवढे वाढले. सर्वांत मोठी वाढ तळाच्या मुलांत आढळली. वर्गात मागे उरलेल्या मुलांना, वर्ग लहान होऊनही, वेगळा लाभ झाला नाही. यावरून केवळ पटसंख्या घटविणे पुरेसे नसून मुलाच्या प्रत्यक्ष पातळीवरून शिकविणे निर्णायक ठरते, असे अनुमान निघते. योजना थांबल्यानंतर वर्षभराने मात्र हा लाभ बराच ओसरून सु. ०·१० वर आला.

म्हणून अशा वर्गात मुलांचे गट इयत्तेनुसार न करता, मूल अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकी काय वाचू शकते, हे तोंडी पाहून करतात. मूल पुढील पातळी गाठताच त्याचा गट बदलतो. शाळेतील धडाच पुन्हा वाचून घेणे, हा या कार्यातील नेहमीचा दोष होय.

मोठ्या शहराबाहेर हा प्रश्न वेगळे रूप घेतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सु. १५ टक्केच लोक नागरी भागात होते. हिंगोली, वसमत व कळमनुरी ही तेथील जुनी नगरे. हिंगोली व वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा असून हमाली व रोजमजुरीवर तेथील अनेक कुटुंबे जगतात. मुलांची घरची भाषा मराठी, उर्दू वा बंजारा असू शकते. त्यामुळे शिकविणारी व्यक्ती त्याच वस्तीतील असण्याचे महत्त्व येथे अधिक आहे. जिल्ह्यातील काही कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला व वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मुलांसाठी मराठवाड्यात शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना राबविली; तीत पालक स्थलांतरित झाले, तरी मूल गावीच राहून शाळेत जाऊ शकते. मूल सोबत गेले, तर चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडतो. परतल्यावर पूरक अध्यापन न मिळाल्यास ते शाळेतून गळण्याचा संभव वाढतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या २४ व्या कलमान्वये प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यकतेप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते, तर २८ व्या कलमान्वये शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. तेव्हा पूरक अध्यापन ही कृपा नसून मुलाच्या हक्काचा भाग आहे. संस्थांचे वर्ग या कर्तव्याला साहाय्यक ठरतात. त्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

या कार्याला लागणारे साहाय्य मोठे नसले, तरी अखंड असावे लागते. शाळेची रिकामी खोली वा समाजमंदिर, वाचायला गोष्टींची पुस्तके, शिकविणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण व वेळेवर मिळणारे मानधन या त्याच्या मूलभूत गरजा होत. देणग्या पुष्कळदा वह्या-दप्तरांच्या वाटपासाठी येतात. मानधनासाठी निधी मिळणे कठीण जाते. मानधन थांबले, की शिकविणारी तरुणी दुसरे काम शोधते व मुलांच्या पातळीची तिला झालेली ओळख तिच्याबरोबर जाते. बालसखी योजनेचा ओसरलेला लाभ पाहता, एका वर्षाच्या मोठ्या मदतीपेक्षा अनेक वर्षे चालणारी लहान मदत अधिक उपयुक्त ठरावी.