दमदमची गोळी

कलकत्त्याजवळील दमदम गांवाचें नांव आपल्याकडे विमानतळामुळें सर्वश्रुत झालें. पण युरोपीय भाषांच्या कोशांत तें शिरलें एका बंदुकीच्या गोळीमुळें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

१८९५ सालच्या चित्राळच्या मोहिमेनंतर इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार सुरू झाली. नव्या ली-मेटफर्ड बंदुकीची गोळी बारीक, आंतून शिशाची व वरून कठीण धातूच्या कवचानें पूर्ण मढविलेली. ती अंगांतून आरपार निघून जाई आणि घायाळ पठाण पुढें धांवतच येई! तेव्हां दमदमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं टोंकावरचें कवच काढून शिसें उघडें ठेविलें. अशी गोळी देहांत शिरतांच चपटी होऊन पसरते. जखम केवढी होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत आफ्रिदी लोकांवर तिचा प्रयोग झाला.

वस्तुतः १८६८ सालींच सेंट पीटर्सबर्ग येथें अनेक राष्ट्रांनीं ४०० ग्रॅमांहून हलक्या स्फोटक गोळ्या वर्ज्य मानिल्या होत्या. त्यामागील विचार मार्मिक आहे. शत्रूचें बळ मोडणें एवढाच युद्धाचा न्याय्य हेतु. मनुष्य लढण्यास असमर्थ झाला कीं काम भागलें, त्याउपर यातना वाढविणें व्यर्थ होय. याच आधारें १८९९ सालीं हेगच्या परिषदेंत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला. ब्रिटनचे प्रतिनिधि सर जॉन आर्डाघ यांनीं विरोध केला. सुधारलेला शिपाई गोळी लागतांच मागें सरतो, रानटी मनुष्य सरत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद! परिषदेनें तो मानला नाहीं; ब्रिटनची संमति मात्र १९०७ सालीं मिळाली. शिवाय ठरावाचें बंधन करार करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतेंच. आफ्रिदींच्या पदरांत त्यानें काय पडणार?

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत कर्णी, म्हणजे उपटतांना मांस ओढून आणणारे आंकडेदार बाण, तसेच विषदिग्ध व पेटविलेले बाण वर्ज्य सांगितले आहेत. तेथें शत्रु सुधारलेला कीं रानटी हा भेद नाहीं. (आपल्या राजांनीं तो नियम कितपत पाळला, हा प्रश्न निराळा.)

१९९८ सालच्या रोम येथील संविधीनें अशा गोळ्यांचा राष्ट्राराष्ट्रांतील युद्धांत वापर हा युद्धगुन्हा ठरविला, आणि २०१० सालच्या दुरुस्तीनें, ती मान्य करणाऱ्या राष्ट्रांपुरता, देशांतर्गत सशस्त्र संघर्षांतही. तथापि कित्येक देशांचे पोलीस आजही पसरणारीच गोळी वापरतात. ती आरपार जाऊन पलीकडच्या निरपराध माणसास सहसा लागत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आणि नेहमींच्या पोलिसी कामास युद्धाचा कायदा लागू होत नाहीं.