अपडेटआधी बॅकअप : मंडळाचे दप्तर सांभाळताना



सभासद-यादी, देणगीच्या पावत्या, वधू-वर नोंदणी हे मंडळाचे दप्तर आता वहीऐवजी सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असते. वहीचे एखादे पान फाटते. डेटाबेस बिघडला तर सगळेच दप्तर जाते.

डेटाबेसचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करावेच लागते. मायएसक्यूएल ५.७ चे अपडेट ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाले. मात्र ८.० वर गेल्यावर ५.७ वर परत फिरता येत नाही. काही बिघडले तर आधी घेतलेला बॅकअप हाच परतीचा रस्ता.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. रोजचे बॅकअप शोधले तर सापडेनात. बॅकअपचे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे होते, त्यामुळे ते काम रोज फसत होते आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

म्हणून अपडेटआधी एवढे करावे :

१. नव्या नोंदी थांबवून पूर्ण बॅकअप घ्यावा. वापरकर्त्यांची खाती आणि सेटिंगच्या फाइलीही त्यात असाव्यात.
२. एक प्रत भोपाळमध्ये, दुसरी शहराबाहेर ठेवावी.
३. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावा. सभासदसंख्या जुळते का, देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे तर आली नाहीत ना, हे तपासावे.
४. त्याच संगणकावर अपडेटची तालीम करावी, मग खऱ्या सर्व्हरला हात लावावा.

आणि हो, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या दिवसांत हे काम काढू नये!