पहिलीच्या वर्गाला शिक्षक कोण?

पदवी मोठी की पदविका, असे विचारल्यास कोणीही पदवीकडेच बोट दाखवील. प्राथमिक शाळेपुरते मात्र सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर निराळे दिले आहे.

शिक्षकांची किमान अर्हता ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आहे. परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड. पदवीधरांनाही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविले. नेमणुकीनंतर दोन वर्षांत त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, अशी अट होती. यावरून राजस्थानात पदवीधर व पदविकाधारक उमेदवारांत वाद उद्भवला. तेथील उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अधिसूचना रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तो निर्णय कायम केला.

यामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. राज्यघटनेच्या कलम २१-अ ने बालकांना दिलेला हक्क दर्जेदार शिक्षणाचा आहे. लहान मुलांना कसे शिकवावे याचे खास प्रशिक्षण डी.एल.एड. पदविकेत मिळते, बी.एड. अभ्यासक्रमाचा रोख वरच्या वर्गांवर असतो. म्हणून येथे पदवी ही पदविकेहून श्रेष्ठ अर्हता ठरत नाही.

या निकालाने आधीच सेवेत असलेल्या शिक्षकांवर टांगती तलवार आली होती. ८ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने निकाल पुढील काळासाठीच लागू असल्याचे स्पष्ट केले. जाहिरातीत बी.एड. ही अर्हता मान्य होती व ११ ऑगस्ट २०२३ पूर्वी कोणत्याही न्यायालयीन अटीविना नियमित नेमणूक झाली होती, अशा शिक्षकांना संरक्षण मिळाले.

उमेदवाराची संधी महत्त्वाची खरीच. परंतु पहिल्यांदा पाटी हाती घेणाऱ्या बालकाचा हक्क त्याआधी येतो.